खाऱ्या विहिरीतली तसबीर

पाणी गाळून प्यायची चाल आता बऱ्याच घरांतून दिसते. पण गाळल्यावर फडक्यात जे उरतं त्याचं काय करायचं, हा प्रश्न आम्हा जैनांखेरीज फारसा कोणाला पडत नाही. आमच्या घरी जाड धोतराचं दुहेरी फडकं घड्याच्या तोंडावर ताणून पाणी ओतत. मग ते फडकं उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं, एका लोट्यात हलकेच धूत. लोट्यातल्या त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. फडक्यावर अडकलेले बारीक जीव त्यात असतात, असं मानून ती परत विहिरीत सोडायची. आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत, दुसऱ्या नाही. वरून ओतायचीही सोय नाही. लोट्याच्या बुडाला कडी असते. लोटा पाण्याला टेकला की कडीची दोरी ओढायची, म्हणजे तो तिथल्या तिथं कलंडतो आणि जिवांना मार लागत नाही.

माझी आई हे काम सुनेलाही करू देत नसे. तिचं लग्न झालं तेव्हापासून तिनं रोज, आजारपणाचे आणि बाळंतपणाचे दिवस सोडले तर रोज, तो लोटा विहिरीत उतरवला. मला या सगळ्याचा लहानपणापासून कंटाळा. तहान लागलेली असावी आणि आईनं फडकं धुवत बसावं, याचा मला राग येई. मी तापट आहे हे माझ्या आडतीवर कोणीही सांगेल.

आमचं घर अमरावतीचं. तिथं विहिरीला गोडं पाणी आहे, म्हणून जिवाणीची अडचण कधी आलीच नाही. पण अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाचा भाव असा चढला की माणसांच्या डोक्यात वारं गेलं. पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. एकानं घरात भिंतभर घड्याळं लावली, त्यातलं एकही चालत नव्हतं. खरेदी हातची जाऊ नये म्हणून मी अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या काठच्या एका गावात घर आणि कोठार भाड्यानं घेतलं आणि बायकोला नि आईला घेऊन तिथं जाऊन राहिलो. वडील आधीच वारले होते, आईला एकटीला अमरावतीला ठेवणं शक्य नव्हतं.

तो सगळा भाग खारपाणाचा. जमीन काळीभोर, पीक जोरदार, पण विहीर खणावी तर पाणी खारट. आमच्या अंगणातली विहीरही तसलीच. आंघोळीला, कपड्यांना ते पाणी चाले. प्यायचं पाणी लांबच्या एका गावातल्या गोड्या विहिरीवरून बैलगाडीनं, तांब्याच्या हंड्यांतून यायचं. पखालीचं चामडं आम्हाला चालत नाही. सुरुवातीला एकच गडी रोज गाडी नेई, तेव्हा आईनं व्यवस्था नीट लावली होती. दोन पाण्यांची दोन फडकी, दोन लोटे. खाऱ्या पाण्याची जिवाणी अंगणातल्या विहिरीत, गोड्या पाण्याची जिवाणी झाकणाच्या डब्यात घालून दुसऱ्या दिवशीच्या गाडीबरोबर परत. तो गडी ती नेऊन तिथल्या विहिरीत सोडी. हसत असेल मनात, पण सोडी.

मग दिवाळी झाली आणि कापसाचा हंगाम तोंडावर आला. आगगाडी अजून वऱ्हाडात पोचली नव्हती, गाठी बैलगाड्यांवरच पश्चिमेकडे जायच्या, आणि गाडीचं भाडं कापसाच्या मागोमाग चढलं. पाण्याचा आमचा गडीही गाडी घेऊन गाठी वाहायला गेला. त्याला दोष कोण देणार. पाणी येत राहिलं, पण ते रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांतून, आज या माणसाकडून, उद्या त्या. परत त्या विहिरीकडे जाणारं कोणी उरलं नाही. गोड्या पाण्याची जिवाणी डब्यात साठू लागली.

आईनं एक-दोन दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी ती डबा घेऊन अंगणातल्या विहिरीवर गेली आणि लोटा उतरवला.

"माय, या विहिरीचं पाणी नाही ते," माझी बायको म्हणाली. नियम तिलाही पाठ होता.

"मंग काय करू? जमिनीवर ओतू?" आई म्हणाली. "पाण्यातले जीव हायेत, पाण्यातच चालले. डब्यात मरण्यापरीस बरं."

तेव्हापासून रोज असंच चालू झालं. पण आईच्या मनाला ते टोचत होतं. ती बोलत नसे, फक्त लोटा उतरवल्यावर पूर्वीसारखी लगेच वळत नसे, कठड्याशी वाकून काही वेळ आत पाहत राही. तिला दिसत तर काही नव्हतंच. एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकलेला आणि दुसऱ्यात उतरू लागलेला. मोतीबिंदू पाडणाऱ्या वैदूला हात लावू देणार नाही म्हणे, कारण अमरावतीत तिच्या नणंदेचा डोळा त्यानंच घालवला होता.

इतरांनी घड्याळं घेतली तशी मीही एक चैन केली होती. कापसाच्या धाग्याची परीक्षा करायला आलेला एक गोरा अडत्या मायदेशी परत निघाला तेव्हा त्याचं पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र मी विकत घेतलं. घरात त्याला सगळे दुर्बीणच म्हणत. पहिल्यांदा मी त्यातून रुईचा तंतू पाहिला, पिळलेल्या फितीसारखा. मग हाताला लागेल ते पाहू लागलो. आणि एके दिवशी गाडीतून आलेल्या गोड्या पाण्याचा, फडक्यावरचा एक थेंब काचेवर घेतला.

त्यात एक जीव होता. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, पण नळीतून पाहिलं की अख्खा. पुढं फुगीर, मागं निमुळतं अंग, लांब मिशा, कपाळावर मधोमध एकच लाल डोळा. उड्या मारल्यासारखा झटक्याझटक्यानं पळे, स्वस्थ म्हणून बसत नसे. मी इतका वेळ वाकून राहिलो की मान आखडली. इतकी वर्षं मी जिच्यावर चिडलो ती बाई काही खोटं करत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी उठून तिला सांगायला गेलो.

ती तांदूळ निवडत होती, हातानं चाचपून. मी सगळं वर्णन केलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हायेत म्हणजे."

"आहेत."

"मले माहीतच होतं. पण पाह्यलं नव्हतं कोणी."

मी तिला यंत्राशी नेलं. पण त्या बारीकशा उजेडाच्या भोकात तिच्या डोळ्याला नुसतं धुकं दिसलं. तिनं बराच वेळ प्रयत्न केला. मग मागे सरली आणि जे मनात होतं ते बोलली.

"एक सांग. त्या विहिरीतले हे, मी आपल्या विहिरीत सोडून राहिली. जगत असतीन काय रे ते तठी?"

मी म्हटलं, पाणीच आहे ते, जगत असतील.

"असतीन म्हणू नको. पाहून सांग. डोळा आहे तोवर मलेही दाखव. तेवढं समजलं म्हणजे मले मोकळं व्हायला हरकत नाही." मरणाचं ती असंच बोलायची, बाजारात जाऊन येते म्हटल्यासारखं.

मी विहिरीच्या पाण्याचे थेंब पाहू लागलो. त्या एकडोळ्यांपैकी एकही सापडेना. खोल विहीर, लोटाभर जिवाणी, त्यात काय सापडणार, असं मी स्वतःला समजावलं. दिसलं ते वेगळंच होतं. तळच्या गाळात काचेसारख्या पारदर्शक, बारीक रेघांच्या होड्या, कोनाकोनांच्या टिकल्या, गोल चकत्या. कोणी बसून कोरल्यासारखं काम.

त्याच सुमारास अकोल्यात मुंबईहून एक तसबिरी काढणारा आला होता. तेजीतले पाटील आणि शेठ आपापल्या पागोट्यासकट स्वतःला काचेवर उतरवून घेत होते. पण त्याचा खरा नाद निराळा होता. माहीमच्या खाडीचं पाणी आणून, यंत्रातून पाहून, त्यातल्या जीवांच्या तसबिरी काढायचा त्याचा खटाटोप चाले. मुंबईत त्याला कोणी विचारत नव्हतं. मी त्याला गावी बोलावलं आणि विहिरीतल्या त्या होड्या दाखवल्या. तो नळीवरून डोळा काढीना.

"शेठ, हे समुद्रातले आहेत," तो म्हणाला. "हुबेहूब माहीमचे. इथं कसे आले?"

मला काय ठाऊक. समुद्र आमच्या कुटुंबात कोणी पाहिला नव्हता. पण आमच्या शेणानं सारवलेल्या अंगणात समुद्राचे जीव आहेत, या गोष्टीचा मला एक चमत्कारिक अभिमान वाटला, आणि मी त्याला ठेवून घेतलं. आईला एक तसबीर दाखवायची आहे, विहिरीत सोडलेल्या एका जीवाची, एवढंच मी त्याला सांगितलं. मोठी काच उन्हात डोळ्याजवळ धरली तर तिला अजून दिसत होतं.

आईनं अट घातली. "तसबिरीपायी एक जीव मेला नाही पाह्यजे."

तसबीरवाल्यानं अट मानली. तो चांगला माणूस होता. कापसाची एक लहान कोठी रिकामी करून तिची झडप बंद केली, तिला भोक पाडून यंत्र बसवलं आणि बाहेर आरसा लावून ऊन नळीत घेतलं. उन्हाची धग थेंबाला लागू नये म्हणून वाटेत तुरटीच्या पाण्यानं भरलेली काचेची पेटी ठेवली. काचेवर ओतायचा पातळ रस तो आमच्याच कापसापासून करी. रुई तेजाबात भिजवायची, धुऊन वाळवायची आणि वासाच्या एका अर्कात विरघळवायची. त्या वासानं माझ्या बायकोचं डोकं दुखे. रस ओतलेली काच रुप्याच्या पाण्यात बुडवून ओली असतानाच उजेडापुढे धरावी लागे आणि मग हिराकशीच्या पाण्यानं चित्र उमटवावं लागे. आमच्या हवेत काच वाळायला वेळ लागत नाही, त्यामुळे त्याची नुसती तारांबळ. त्याची बोटं कायमची काळी होती. प्रत्येक तसबिरीनंतर तो थेंब वाटीत घेई आणि वाटी आईकडे पाठवी.

पण चित्र उमटायला काही क्षण तरी सगळं स्थिर हवं. गाडीच्या पाण्यातला एकडोळ्या काचेपुढे धरला की तो पळे आणि काचेवर पांढरा ओरखडा तेवढा राही. मारून काढली तर सुरेख येईल, दारूचा एक थेंब पुरे, असं तसबीरवाला एकदा म्हणाला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून परत म्हणाला नाही. शेवटी त्यानं गाळातल्या त्या होड्यांची काच काढली. त्या हलत नव्हत्या. ती तसबीर फार देखणी आली, काळ्या मखमलीवर ठेवली की रेघ न रेघ दिसे.

आईनं ती उन्हात धरली, नाकाला लागेल इतकी जवळ. खूप वेळ पाहिली.

"हे समुद्रातले म्हणते काय तो?"

"हो."

"चांगले हायेत." मग काच माझ्याकडे देत म्हणाली, "हे आपल्या विहिरीचेच. घरचे हायेत ते. माह्ये दाखव."

मी तिचे शोधत राहिलो. एवढ्यात माघ लागला. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरत चालला होता, ती आता माणसं आवाजावरून ओळखू लागली होती. मला घाई झाली होती. एका सकाळी मला साधी गोष्ट सुचली. आईनं लोटा कलंडवला की लगेच, जीव खाली जायच्या आत, वरचंच पाणी काढायचं. तिला न सांगता मी दोरी घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो. ती विहिरीवर आली, लोटा उतरवला, कठड्याशी वाकून उभी राहिली आणि गेली. मी वरचं पाणी भांड्यात घेतलं, तसाच कोठीत गेलो आणि थेंब काचेवर ठेवला.

पहिल्याच थेंबात तो होता. लाल डोळा, लांब मिशा. ही मादी होती. शेपटीच्या दोन्ही बाजूंना दोन लहान झोळ्या, अंड्यांनी गच्च भरलेल्या. मी आनंदानं तसबीरवाल्याला हाक मारली. तो आला, नळीला डोळा लावला आणि म्हणाला, "वा. हा हलत नाही."

हलत नव्हता. हाक मारली तेव्हा माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. मिशा अंगाशी ओढलेल्या, पाय पोटाशी दुमडलेले. मी दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. तसेच. तिथं, त्या कोठीतच, मला कळलं की कार्तिकापासून ती रोज काय करत होती. तसबीरवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं काच तयार केली, मला आरसा धरायला सांगितला आणि मी धरला. वाटतं, तेव्हा मी काही विचारच करत नव्हतो.

तसबीर अप्रतिम आली. झोळीतलं अंडं न अंडं. असं काम मुंबईतही झालं नाही म्हणत तो पळतच ओट्यावर गेला. आई उन्हात बसली होती. मी मागोमाग पोचलो तोवर काच तिच्या हातात होती.

तिनं ती डोळ्यांजवळ नेली, दूर केली, कलती केली. मग तिचा चेहरा खुलला. लहानपणी मला ताप उतरल्यावर ती अशी दिसायची.

"हाच काय तो? याच्यासाठीच काय मी येवढे दिवस..." तिनं काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे दोहीकडून काय लोंबून राह्यलं?"

"अंडी आहेत, आई," तसबीरवाला म्हणाला. "मादी आहे ही."

"लेकुरवाळी हाय!" ती हसली. "आपल्या विहिरीतली?"

"तुमच्याच विहिरीतली. आत्ता काढली शेठनी."

"मंग उगामुगा काहून बसली? तू म्हणे, पळते."

मी तोंड उघडलं, पण तसबीरवाला आपल्या कामगिरीच्या भरात होता. "खाऱ्या पाण्यानं, आई. हा गोड्या पाण्यातला जीव. समुद्राच्या पाण्यात टाकला तर आकसतो आणि लगेच संपतो, मी मुंबईत पाहिलंय. कोणी इथं टाकला कोण जाणे. पण आपण नाही मारला हं, तुमची अट पाळली. म्हणून तर इतकी स्वच्छ आली."

आई काच धरून बसली. तसबीरवाल्याला एव्हाना काहीतरी जाणवलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. कोठाराकडून हमालांचा आवाज येत होता.

"खरं काय रे?" आईनं मला विचारलं.

"हो, माय."

"सारेच?"

"मी पाहिले ते सारे."

तिनं काच खाली ठेवली, हळू, तडा जाऊ नये म्हणून जपून. मग भिंतीला हात लावत आत गेली. त्या दिवशी तिनं अन्न घेतलं नाही. तसबीरवाल्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो ओट्यावर डोकं धरून बसला. ती काच फोडून टाकतो म्हणाला. आईनं ते आतून ऐकलं असावं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "तुमी काहून फोडता? तुमी तं दाखवलं." त्याला तिनं जेवू घातल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तो दुसऱ्या दिवशी अकोल्याला परत गेला, पैसे घेतले नाहीत.

मी त्याच दिवशी गाठींच्या गाड्यांतली एक गाडी सोडवली, पाण्याला लावली, आणि जिवाणी रोज परत गोड्या विहिरीत जाईल अशी सोय केली. हे आईला सांगितलं तेव्हा ती बरं म्हणाली. आणि मग म्हणाली, "माह्यासाठी त्या गाडीतलं पाणी नको भरू."

"म्हणजे?"

"दिवाळीपासून आजवर जितके दिवस मी त्याईले त्या खाऱ्या विहिरीत सोडलं, तितके दिवस मी त्याच विहिरीचं पाणी पिईन. दुसरं नाही."

मी भडकलो. ते पाणी तुझ्या पोटाला सोसणार नाही म्हणालो, वय काय तुझं म्हणालो, मुनी-महाराजांनी तरी असं प्रायश्चित्त सांगितलं असतं का म्हणालो. आवाज इतका चढला की हमाल कोठाराच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे उभे हायेत ना," आई म्हणाली, दाराकडे तोंड करून, "हे सारे जन्मभर हेच पाणी पिऊन राह्यले. तुले त्याईची फिकीर नाही वाटली कधी."

मग मी खालच्या आवाजात म्हटलं, "माय, तुला माहीत नव्हतं."

"नियम तं माहीत होता. ज्या पाण्याचा जीव त्या पाण्यात. माह्या सासूनं सांगितलं, तिच्या सासूनं तिले सांगितलं. तो काहून हाय ते माहीत नव्हतं, म्हणून मी माह्या अकलेनं वागली."

त्यापुढे ती या विषयावर बोलली नाही. माघातल्या शुद्ध तृतीयेला तिनं खाऱ्या पाण्याचा पहिला पेला घेतला. ते पाणीही गाळलेलंच, तिनं स्वतः गाळलेलं. थंडीचे दिवस होते तोवर निभावलं. फाल्गुनात तिचं पोट बिघडलं, अंगात कणकण राहू लागली. चैत्रात ऊन तापलं आणि तहान वाढली तशी तिची परीक्षा सुरू झाली. जितकं प्यावं तितकी तहान वाढवणारं ते पाणी. तिचे ओठ फुटले, पाय सुजले. अकोल्याहून वैद्य आणला. त्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, औषध कशाला, गोडं पाणी द्या. मी त्याच्यावरच ओरडलो, मला माहीत नाही का म्हणून. तो बिचारा पागोटं सावरत निघून गेला.

मी तिला अमरावतीला न्यायचं ठरवलं. तिथं खारी विहीरच नाही, मग काय करील, असा माझा डाव. तिनं तो लगेच ओळखला. "ने," म्हणाली, "पण हंडे भरून सोबत घे." मी तो बेत सोडून दिला. मला तिचा राग यायचा, खरंच सांगतो, दाताखाली खडा आल्यासारखा राग यायचा, आणि त्याच वेळी तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहून मला रडू यायचं. माझी बायको मला न सांगता खारं पाणी पिऊ लागली होती, सासूला सोबत म्हणून. ते मला कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो नाही.

भर चैत्रात तिची उरलेली नजर गेली. पांढरं ऊन आणि काळी सावली एवढंच तिला कळे. ती तसबीर तिनं आपल्या उशाशी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. कधी दुपारी ती उघडून मांडीवर घेई आणि माझी बायको जवळून गेली तर विचारी, "हे सरळ धरलं काय मी?" बायको सरळ करून देई. मी ते लांबून पाहायचो आणि कोठाराकडे निघून जायचो. कापसाचा भाव काय आहे हे मला त्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वैशाखातली तृतीया आली. आमच्यात तो दिवस मोठा. आदिनाथांनी दीर्घ उपवासानंतर त्या दिवशी उसाच्या रसानं पारणं केलं, म्हणून आम्ही त्या दिवशी कोणाला तरी रस पाजतो, दान देतो. आईची मुदत त्याच दिवशी पुरी होत होती. योगायोग होता की तिनं हिशेब करूनच तिथी धरली होती, मी विचारलं नाही. ती आता अंथरुणावरच असे.

पहाटेची गाडी आली. पाणी माझ्या बायकोनं गाळलं, जिवाणी डब्यात घातली, डबा गाडीवानाच्या हातात दिला आणि आईला तसं मोठ्यानं सांगितलं. उसाचा रस आईनं शेजारच्या घरातल्या लेकरांना पाजायला लावला. मला गोडं पाणी दे म्हणाली. मी तिला उठवून माझ्या छातीशी टेकवलं. हाडांची नुसती मोळी झाली होती. पेला तिच्या ओठांना लावला. तिनं एक घोट तोंडात घेतला, तसाच धरून ठेवला आणि मग गिळला.

"कसं लागलं, माय?"

"पाणी हाय."

"गोडं आहे."

"असीन. मले आता समजत नाही." तिनं जीभ ओठांवरून फिरवली. मग, माझ्याकडे नाही, समोर कुठंतरी पाहत विचारलं, "फिटलं असीन काय रे?"

मला तिला काही देता येत नव्हतं. एवढं तरी द्यावं असं वाटलं. मी म्हटलं, "फिटलं, माय. सगळं फिटलं."

"तुले काय माहीत," ती म्हणाली. रागानं नाही, मी लहानपणी काही अचाट सांगितलं की म्हणायची तसं. आणि पेल्यासाठी हात पुढे केला.